चाळीस बॅगा

जालन्याची एमआयडीसी. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या पलीकडे
बियाण्याच्या कंपनीचा दुसरा मजला. रात्रीचा दीड.
खाली वॉचमन गिराम रेडिओशी वाद घालतोय
आणि वर मी एक आख्खी कंपनी उभी करतेय,
भाड्याने, तासाच्या हिशोबाने,
कुठल्याशा दूरच्या मशीनवर. तिला क्लाउड म्हणतात.
आमच्याकडे ढग या शब्दावर
कुणी लगेच विश्वास ठेवत नाही.

एक सेवा ऑर्डर घेते.
एक गोदामातल्या बॅगा मोजते, एक पैसे आले का बघते,
एक लॉट नंबर जुळवते, शेवटची मेसेज पाठवते.
वेगळ्या निघालेल्या जावाच जणू:
भिंतीवरून वाटी देतील,
आत काय शिजलंय ते विचारणार नाहीत.
एकेकटीला तपासा, सगळ्या शहाण्या.
भांडण असतं ते मधल्या भिंतीत.

म्हणून मी पैसेवालीला नव्वद सेकंद मुकी करते
आणि बघत बसते.
गोदामवाली तीच बॅग दोनदा बांधते.
लिहून ठेवते.

हे मला खाजाभाईंनी शिकवलं, कीबोर्डला बोट न लावता.
मी तेव्हा खालच्या लॅबमध्ये, रोजंदारीवर.
ओल्या कागदावर सरकी, शंभर शंभर दाणे चारदा,
गुंडाळी, रबर, पेटीत उभी.
चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची.
सामान्य. असामान्य. कडक. मेलेला.
"बेटी, उगवलेलं तर कुणीही मोजतं.
तू वाकडं उगवलेलं मोज."
मोजून झालं की चारशेही दाणे कचऱ्यात.
मला वाईट वाटायचं. त्यांना नाही.

आता मी गिऱ्हाईकं उगवते.
नमुनाबाई तपासे. शून्यराव उणे.
एकाच्या नावात नुसती रिकामी जागा,
एकाला हव्यात वजा तीन बॅगा.
सगळ्यांचं गाव नसलेवाडी.
चाळीस बॅगा मागवणाऱ्याला फोन नंबर हवा होता,
बोटांनी आपसूक खाजाभाईंचा टाकला.
ते परभणीला मुलाकडे गेले, तो नंबर कधीचा बंद.
बंद नंबर म्हणजे सुरक्षित.
मदतीसाठीचा नंबर माझाच.

दोन वाजून दहा. टेबलावर फोन थरथरला.
स्क्रीनवर: खाजाभाई लॅब.

मी उचलला. आवाज विशीतला, मागे टेम्पोचं इंजिन.
"कोण हो? चाळीस बॅगा निघाल्या म्हणून मेसेज आलाय.
म्या कवा मागवल्या?
मंठ्याच्या फाट्यावर उभा हाय, उतरवायच्या कुठं?"

मी म्हटलं, दादा, त्या बॅगा खोट्या आहेत.
गिऱ्हाईक खोटं, गोदाम खोटं, पैसे खोटे,
साडेतीनला मी ही कंपनीच पाडून टाकणार आहे.

तो थोडा वेळ गप्प. मग:
"समदं खोटं, तर मेसेज खरा काहून आला?"

सतरा जणांनी सही केलेल्या आराखड्यात
हा प्रश्न नव्हता.

बाकी सगळ्यांना सोंगं चढवली होती,
मेसेजवालीची तार तेवढी
खऱ्या टॉवरला जोडलेली राहिली होती.
आणि तीन वाजता मी लावून जाणार होते
अकरा हजार ऑर्डरींचा मारा,
नंबर सगळे खऱ्या यादीतून उचललेले.
अकरा हजार उशांखाली
एकदम टुण्ण.

हात गार पडले. तार तोडली.
मग फॉर्म उघडला.
अपेक्षित: काहीच नाही.
प्रत्यक्ष: एका माणसाचा फोन.
शोधणारा:
इथे मी नेहमी माझं नाव टाकते.
त्याला विचारून लिहिलं, मुंजाजी टकले, टेम्पो.

ठेवता ठेवता त्यानं विचारलं,
"खऱ्या असत्या, तर जालना ते मंठा
भाडं कुणी देलं असतं?"

आमच्या पाचही सेवांत भाड्याची सेवा नाही.
तेही लिहून ठेवलं.